टिटवीने अडवलेली खोली

“खडीला हात लावंल त्याचा हात खडीतच गाडीन! ऐकू यायलंय का सगळ्याला?”

‘सगळ्याला’ म्हणजे नेमकं कुणाला, हे मालकांनी सांगितलं नाही. पण आमच्या गल्लीला ऐकू गेलं, गल्लीमागच्या कापसाच्या जिनिंगला ऐकू गेलं, आणि माझा अंदाज विचाराल तर मानवत रोड स्टेशनात सुटायच्या बेतात असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनेही दचकून ब्रेक धरला असणार. मी खाली मोरीपाशी दात घासत होतो. ब्रश तोंडात तसाच ठेवून गच्चीवर धावलो.

वर पाहतो तर मिस्त्री फावडं उगारल्या जागी थिजलेला. दोन मजुरणी रिकामी घमेली छातीशी धरून जिन्याच्या तोंडाशी उभ्या. आणि आमचे घरमालक, वय सदुसष्ट, अंगात बनियन, खाली लुंगी, डोक्यावर वरणाचं मोठं पातेलं पालथं घातलेलं, खडीच्या ढिगापुढे दोन्ही हात पसरून उभे. त्यांच्या डोक्यावर एक टिटवी घिरट्या घालत होती. दर घिरटीला ती पातेल्यापासून वीतभर अंतरावर यायची, त्यांच्या कानात ओरडायची आणि वर जायची. म्हणजे गच्चीवर ओरडणारी दोघं होती, आणि दोघांचं म्हणणं एकच होतं.

“तुझ्याच बाजूनं बोलायलोय बाई,” मालक तिला म्हणाले. “जरा दम धर.”

खडीत चार अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची, इतकी खडीसारखी की मालकांनी बोट दाखवलं तरी मला आधी खडीच दिसली.

“मालक, आज कॉलम भरायचे ठरले होते,” मिस्त्री म्हणाला. “सिमेंट खाली येऊन पडलंय.”

“पडू द्या.”

“किती वेळ?”

मालकांनी पातेलं सावरलं आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. “अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस मिनट?”

“दिवस.”

मिस्त्री “या अल्ला” म्हणून पालथ्या बादलीवर बसला. माझ्या तोंडाला फेस आला होता आणि तो सगळाच टूथपेस्टचा नव्हता. कारण गच्चीवर चार कोपऱ्यांना ज्या चार सळया उभ्या होत्या, त्यांच्या मधल्या जागेत माझा संसार उभा राहायचा होता.

माझी हकीकत थोडक्यात अशी. मानवतला एका कृषी सेवा केंद्रात मी गल्ल्याशेजारच्या काउंटरवर उभा असायचो. बी, खत, फवारणीची औषधं. राहायला मालकांच्या घरातली खालची खोली. ती एवढी लहान होती की जांभई द्यायची तर आधी दार उघडावं लागायचं. त्या वर्षी माझं लग्न झालं. बायको बोरी गावची. त्या खोलीत तिला आणलं असतं तर मला बाहेर निघावं लागलं असतं, म्हणून ती माहेरीच थांबली आणि मालकांनी शब्द दिला की मृगापर्यंत वर एक ऐसपैस खोली बांधून देतो, ओट्यासकट. खडी हिवाळ्यातच वर चढवून ठेवली होती. मग विटा मिळेनात, मग मिस्त्री मिळेना, आणि मे महिन्यात दोन्ही एकाच दिवशी मिळाले, तर ही बया तिथे अंडी घालून बसलेली.

मालकांचं नाव मी सांगत नाही. गल्लीतही ते कुणी घेत नसे. ‘मालक’ म्हटलं की तेच. बत्तीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या बसस्थानकांच्या खिडकीत बसून गाड्या लावल्या आणि सोडल्या. भोंगा बिघडला की नियंत्रक म्हणून ते उघड्या तोंडाने पुकारा करायचे. आणि एकदा म्हणे भोंगा दुरुस्त करायला आलेल्या माणसाने त्यांचा पुकारा ऐकला आणि हत्यारं गोळा करून तो परत गेला. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पुकारा सुटला नाही. सकाळी सहाला अंगणातून आवाज यायचा, “चहा लागलेला आहे. भाडेकरूंनी आपापले कप घेऊन ओट्याजवळ यावं.” काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, देवळात निघाल्या की “मारुतीकडं जाणार, वाटेत भाजी घेणार, परतीला अर्धा तास,” असं गल्लीला कळायचं. काकूंनी चाळीस वर्षांत एकदाही मागे वळून बघितलं नसेल. त्या म्हणायच्या, “मी ऐकतच न्हाई. रेडिव लागल्यागत लागलेला असतो.”

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. तुम्ही काहीही ऐकीव सांगा, की भाव वाढणार, की साहेब बदलणार, की पाहुणे येणार, मालक म्हणायचे, “फलाटावर बघून बोला.” वेळापत्रक कागदावर असतं आणि गाडी फलाटावर असते, आणि बत्तीस वर्षांत या दोघांची भेट आपण क्वचित पाहिली, असं त्यांचं मत होतं. म्हणून मोबाइलातल्या हवामानावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी रोज सकाळी मोबाइलाचा पडदा सरकवत म्हणायचो, “आज ढगाळ दाखवतंय, मालक.” ते आभाळाकडेही न बघता विचारायचे, “टिटवी काय म्हणतीय?”

त्यांचं स्वतःचं हवामान खातं होतं. त्यात काजवे होते, मृगाचे लाल मखमली किडे होते, विहिरीवर घरटं लोंबवणारी सुगरण होती, पावशा होता. पण खात्यात माणूस, म्हणजे पाखरू, टिकेना. मालक हिशोब द्यायचे तो बदल्यांच्या यादीसारखा. काजवे गेले, कारण हायवेला दिवे लागले आणि त्यांना कुणी विचारेना. मखमली किडे ज्या वर्षी शेतात पेरणीआधीच फवारे सुरू झाले त्या वर्षी रजेवर गेले ते परत रुजू झाले नाहीत. विहिरीवरची बाभूळ तुटली, सुगरणीची बदली झाली. पावशा अजून ओरडतो, पण आता चैतातच ओरडतो, कारण उन्हानं त्याचंही डोकं फिरलंय. खात्यात उरली एकटी टिटवी. तिच्या शब्दावर मालकांची पेरणी ठरायची, आणि मालकांच्या शब्दावर अजून दोन-चार घरांची.

तिची भाषा सोपी. नदीच्या पात्रात वाळूवर अंडी घातली तर पाऊस बेताचा, पाणी तिथवर चढणार नाही हे तिला माहीत असतं. शेताच्या बांधावर घातली तर चांगला. कालव्याच्या उंच भरावावर घातली तर धो-धो. अंड्यांची निमुळती टोकं खाली असली की महिने भरून पडणार. चार अंडी, चार महिने.

“आन् गच्चीवर घातली तर?” मी त्या दिवशी तोंड धुऊन आल्यावर विचारलं.

मालकांनी पातेलं काढून काखेत धरलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला खाली आलेला ऐकू आला. “दुकानदार,” ते मला दुकानदारच म्हणायचे, “माझ्या बापानं न्हाई बघितली टिटवी गच्चीवर. आज्यानं न्हाई. वीस फूट हाय जमिनीपासून. चारी टोकं खाली. म्हणजे काय हुईल, तुमीच सांगा.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच सांगितलं, गल्लीच्या दोन्ही टोकांना उभं राहून. “सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की यंदा पूर येणार आहे. धान्य वरच्या फळीवर ठेवावे.” गल्लीनं ते कसं घेतलं, ते मी फुगवून सांगत नाही. एवढंच, की कोपऱ्यावरच्या टेलरने आपलं मशीन टेबलावर चढवलं आणि पुढे महिनाभर स्टुलावर उभं राहून शिवलं. त्या महिन्यातल्या सगळ्या विजारी एका पायात आखूड आल्या.

आता तुम्ही म्हणाल, पूर येणार असा ज्याचा विश्वास आहे तो माणूस घाईघाईने बांधकाम उरकेल. मीही तेच म्हणालो. मालक म्हणाले, “जिनं सांगितलं तिलाच उठवून टाकू? बातमी आणणाऱ्याला बसायला तरी देतेत का न्हाई तुमच्याकडं?”

तर टिटवी बसली. आणि तिच्यासमोर, जिन्याच्या वरच्या पायरीवर, छत्री उघडून मालक बसले. ऊन असं पडायचं की माझी चप्पल एकदा गच्चीवर राहिली ती संध्याकाळी मला उलथन्यानं काढावी लागली. इतक्या वर्षांत मे असा तापला नव्हता असं मालक म्हणायचे. खरं तर ते मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते, आणि दोन्ही वर्षी त्यांचं बरोबर होतं. अंडी त्या खडीत उकडूनच निघाली असती. पण टिटवी काय करायची, तर खाली मिस्त्रीच्या पिंपाशी सांडलेल्या पाण्यात जाऊन पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. नर यायचा, ती जायची. ती यायची, नर जायचा. मालकांनी हे पहिल्यांदा बघितलं त्या दुपारी ते जेवायला खाली आलेच नाहीत. काकूंची पीठ मळायची परात पाणी भरून वर गेली आणि आम्ही महिनाभर ताटात मळलेल्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या.

रात्री बोरीहून फोन यायचा. “खोली कुठपर्यंत आली?”

“टिटवी बसलीय.”

“कालबी बसलीच होती.”

“अंड्यावर बसलीय. उठली की सांगतो.”

मग, “तुमचं लगीन कुणासंगं झालंय, माझ्यासंगं का तिच्यासंगं?”

मृग तोंडावर आला. मालकांची पाच एकर जमीन मानवतच्या बाहेर एका गावात होती आणि ती त्यांचा मेहुणा, काकूंचा धाकटा भाऊ, बघायचा. कमी बोलणारा, शांत माणूस. मालकांनी फोन लावला. खरं तर फोनची गरज नव्हती, नुसतं गच्चीवरून बोलले असते तरी चाललं असतं. “धूळपेरणी करा,” ते म्हणाले. म्हणजे पाऊस पडायची वाट न बघता कोरड्या मातीत सरकी टोकून मोकळं व्हायचं. पाऊस वेळेवर आला तर पीक चार पावलं पुढे, न आला तर बी मातीत गेलं.

“दाजी, मोबाइलात तर उशिरा दावायलंय,” मेहुणा म्हणाला.

“फलाटावर बघून बोला! माझ्या डोळ्यांसमोर बसलीय ती. वीस फुटांवर!”

मेहुण्याने सरकी टोकली. त्याचं बघून शेजारच्या दोघांनी टोकली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक सर आली, घोटाही न भिजवणारी. कोंब वर आले. मालकांनी गल्लीत पेढे वाटले आणि टेलरला मशीन अजून एक फूट वर घ्यायला सांगितलं. त्यानंतर आभाळ असं स्वच्छ झालं की धुऊन वाळत घातल्यासारखं. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस.

मेहुणा आला तेव्हा दुपार होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मालकांना ओरडण्याला उत्तर देता यायचं. तो ओट्यावर बसला, पाणी प्याला, रुमालाची गाठ सोडली आणि मूठभर कोंब ओट्यावर ठेवले. वाळून दोऱ्यासारखे झालेले.

“दाजी, तुमची टिटवी चुकली,” एवढंच म्हणाला.

मालकांनी एक कोंब उचलला, बोटात फिरवला, खाली ठेवला. संध्याकाळी पुकारा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चहा लागला का नाही ते कळेना, म्हणून तिन्ही भाडेकरू कप घेऊन दारात नुसते उभे. समोरची म्हातारी काठी टेकत आली आणि काकूंना हळूच विचारून गेली, “मालक बरे हायत ना?” इतकी शांतता आमच्या गल्लीनं कधी ऐकलेली नव्हती.

नऊच्या सुमारास ते माझ्या दाराशी आले. “दुकानदार, गाडी काढा. शेताकडं जाऊ.”

मी गाडी काढली. वाटभर ते मागे गप्प बसलेले, आणि मला पहिल्यांदाच माझ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. शेतात पोचलो तर सगळीकडे काळी भुई, भेगा पडलेली, आणि कोंबांच्या रांगा जिथे असायला हव्या होत्या तिथे काहीच नाही. मालक शेतात गेले नाहीत. ते बांधावर गेले. बांध म्हणजे नावाला. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उडी मारावी लागेल एवढा. दोन्हीकडून नांगर आणि जेसीबीने खात आणलेला. त्यावर गवताची काडी नव्हती. होती ती पिवळी पडून भुईला चिकटलेली.

“हितं बोरीचं झाड व्हतं,” मालक म्हणाले. “हितं तरवड. ह्या टोकाला दगडाचा ढीग. तिथं बसायची ती. दर साली तिथंच. मी लहान असताना वाकून बघायला गेलो तर ह्या कानाला मारली व्हती.” त्यांनी कान चोळला, जसं काही सकाळीच मारलंय. मग मला विचारलं, “आपुन काय मारलं व्हतं बांधावर?”

“तणनाशक.”

“कोणी दिलं?”

आता मी खोटं बोलण्यात कच्चा नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पण त्या उन्हात मला काही सुचलं नाही. “मी दिलं, मालक.”

“चांगलं व्हतं?”

“लय चांगलं व्हतं.” आणि मला माझंच काउंटरवरचं भाषण आठवलं. ‘मालक, एकदा मारा, बांध असा साफ करून देतो की भांग पाडल्यासारखा दिसंल. किडा न्हाई, मुंगी न्हाई, काही शिवणार न्हाई.’ हे मी रोज वीस वेळा म्हणायचो. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मालकही झाले होते; माझ्या पाठीवर थाप मारून गेले होते.

ते रागावले नाहीत. खाली बसले आणि बांधावरची माती चिमटीत घेऊन बघत राहिले. “दुधना नदीची वाळू ट्रकात बसून गेली,” ते म्हणाले. “दगडाचा ढीग मीच फोडून घराच्या पायाभरणीत घातला. बोरीचं झाड मेहुण्यानं तोडलं. उरलं ते तुमच्या औषधानं. तिला काय पाऊस दिसला म्हणून ती वर गेली व्हय? बसायला खाली कोणी जागा ठिवलीच न्हाई.” मग हात झटकून म्हणाले, “गाडीचं काई चुकलं न्हाई. फलाट आपुन उखडला.”

परत आल्यावर त्यांनी तोंड धुतलं, टोपी घातली आणि गल्लीच्या एका टोकाला जाऊन उभे राहिले. “सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की पुराची सूचना रद्द करण्यात आलेली आहे. रहिवाशांची झालेली गैरसोय माझ्या चुकीमुळे आहे.” मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेच. मग माझ्या गाडीवर बसून गावी गेले आणि ज्या दोघांनी मेहुण्याचं बघून सरकी टोकली होती त्यांच्या दारात उभं राहून तेच. तिथे पुकारा केला नाही, साध्या आवाजात सांगितलं. साधा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन कोठीतलं जपून ठेवलेलं बी त्यांनी दुबार पेरणीसाठी तिघांत वाटलं.

मिस्त्री दुसऱ्याच सकाळी हजर. बातमी त्याच्यापर्यंत गेली होती. “मालक, अब तो हो गया ना? टिटवी काही सांगत नाही म्हणे. मग अंडी अलगद उचलून बाजूला ठेवतो, आज कॉलम भरतो. आज नाही जमलं तर मी परभणीच्या कामावर लागतो. मग दिवाळीनंतरच.”

मी मालकांच्या मागे उभा होतो. आत्तापर्यंत टिटवीला उठवायचं नाही याला काहीतरी कारण होतं, खुळं का होईना. आता ते कारण गेलं होतं. अठ्ठावीसातले सहा दिवस उरले होते आणि बोरीला माझी बायको बॅग भरून बसली होती. मी घसा साफ केला. “मिस्त्री म्हणतो ते… म्हणजे आता ती नुसतीच टिटवी आहे, मालक.”

मालक जिन्याच्या पायरीवर बसले होते, छत्री मांडीवर. “मी इतकी वर्सं स्टँडावर काढली,” ते म्हणाले. “गाडी चुकलेला माणूस बाकड्यावर येऊन बसतो. त्याला तिथून उठवायचं काम मला कोणी सांगितलं न्हाई. मिस्त्री, तुमी परभणीला जा.”

मिस्त्री गेला. मी बोरीला फोन लावला आणि ‘दिवाळी’ हा शब्द उच्चारला. पलीकडून फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी जिंतूरच्या गाडीने ती स्वतः आली, एक बॅग, आणि टपावर टाकलेली आंदणात आलेली कोरी गादी. “बघू तरी द्या,” म्हणाली, “कोण हाय ती.” गच्चीवर गेली. मी खाली जिन्याशी उभा. अर्ध्या तासाने उतरली ती सरळ स्वयंपाकघरात. मग काकूंना म्हणाली, “काकू, दुसरी परात हाय का? पहिलीतलं पाणी तापलंय.”

त्या इवल्याशा खोलीत आम्ही दोघं आणि गादी कसे मावलो हे विचारू नका. गादी उभी असायची आणि आम्ही आळीपाळीने.

सहाव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी अंडी फुटली. तीन फुटली, एक तसंच राहिलं. पिल्लं म्हणजे खडीला पाय फुटलेले. आणि ती सुकताच चालू लागली. गच्चीला कठडा नव्हता. टिटवी खाली जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत उतरून हाका मारू लागली, नर डोक्यावर ओरडू लागला, आणि तिन्ही पिल्लं थेट काठावर येऊन खाली वाकून बघू लागली. पुढे काय होणार हे गल्लीतल्या सगळ्यांना एकदम कळलं.

त्या सकाळी मालकांचा आवाज परत आला. “गोधड्या आणा! वाकळा आणा! जे मऊ असंल ते आणा!” टेलरने महिनाभराच्या विजारी आणून टाकल्या. समोरच्या म्हातारीने उशी दिली. आणि माझी बायको, मी बघत असताना, आंदणातली गादी, जिच्यावर अजून आम्ही धड आडवेही झालो नव्हतो, ती ओढत आणून मधोमध टाकून मोकळी झाली. पहिलं पिल्लू उडी मारून गादीवर पडलं, उसळलं आणि चालू लागलं. दुसरं विजारींवर. तिसरं वाऱ्याने जरा बाजूला गेलं ते मालकांनी उलट्या धरलेल्या छत्रीत झेललं. मी खोटं सांगत असेन तर गादीवरचा डाग अजून आहे, येऊन बघा.

मग मालकांनी पुकारा केला. “गच्चीवरून जिनिंगमागच्या मैदानाकडं जाणारी मंडळी फलाट सोडीत आहेत. दुचाकी थांबवाव्या. कुत्री धरून ठेवावी.” आणि गल्ली खरोखर थांबली. टिटवी पुढे, तीन पिल्लं मागे, आणि सगळ्यात मागे लुंगी वर खोचलेले मालक, हातात मिटलेली छत्री. मैदानापाशी ते थांबले, पुढे गेले नाहीत. तिथे मुंगसं होती, मांजरं होती, कापसाच्या कचऱ्याचे ढीग होते. त्यांतली किती वाचली ते कुणाला माहीत नाही. मालकांनी चौकशी केली नाही. न फुटलेलं अंडं काकूंनी तुळशीपाशी पुरलं.

पाऊस आला तो आषाढ अर्धा गेल्यावर, आणि आला तो महिन्याभराचा एका दुपारीत. गल्लीत गुडघाभर पाणी झालं, टेलरचं अजून खाली न उतरवलेलं मशीन तेवढं कोरडं राहिलं. “म्हणजे पूर आला की, मालक,” मी म्हणालो. “टिटवीचं खरं झालं.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर त्यांनी शेतात बांधालगतचे चार तास, म्हणजे चार ओळी, पेरायचे सोडले. तिथे दगड नेऊन टाकले, बोरीचं बी टोकलं, फवारा तिकडे फिरकू दिला नाही. मेहुणा कुरकुरला, पण दाजींपुढे किती कुरकुरणार. मी? मी काउंटरवर होतो आणि बाटल्या विकत होतो, संसार होता. फक्त भांगाचं भाषण तोंडातून निघेना. गिऱ्हाईक विचारायचं, “चांगलं हाय का?” मी म्हणायचो, “लय चांगलं हाय. बांध तेवढा सोडा.” काही सोडायचे. मालक मात्र दर उन्हाळ्यात माझ्या गाडीवर बसून शेतात जायचे, दगडांपाशी उभे राहायचे आणि परत यायचे. गवत आलं, तरवड आला, टिटवी आली नाही.

खोली दिवाळीनंतर झाली, ओट्यासकट. तिच्यावर स्लॅब पडला तेव्हा मालकांनी उरलेली खडी खाली उतरवू दिली नाही, चार घमेली नव्या स्लॅबवर पसरून ठेवली. कशाला, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सकाळी आमच्या डोक्यावर ओरडा सुरू झाला. बायको डोक्यावर कुकरचं भांडं घालून शिडीने वर गेली आणि चार बोटं दाखवत उतरली. मी धावत गॅलरीत आलो. खाली अंगणात मालक नुसत्या बनियनवर बसून कात्रीने मिशा नीट करत होते.

“मालक!” मी त्यांच्याच आवाजात ओरडलो. “टिटवी आणखी एक मजला वर आली! तीस फूट! चारी टोकं खाली! यंदा पाऊस किती म्हणायचा?”

मालकांनी वर बघितलं नाही. मिशीचा एक केस कापला, फुंकर मारली.

“पावसाचं मोबाइलात बघा,” ते म्हणाले. “तिला परातीत पाणी ठिवा.”